पाठीवरची गाणी : स्केटिंग ग्रुपसाठी बॅटरीवरची साउंड पेटी कशी बांधावी

वीसेक जण मिळून स्केटिंगला निघाले की कुणीतरी खिशातला ब्लूटूथ स्पीकर काढतो. पहिल्या वळणापर्यंत तो पुरतो. रांग पसरली की पुढच्या चौघांना गाणं ऐकू येतं आणि मागच्यांना फक्त चाकांची घरघर. मग कुणीतरी सुचवतं, मोठा स्पीकर आणू. मोठा स्पीकर पंधरा किलोचा, आणि तो पाठीवर घेऊन स्केट्सवर उभं राहणं म्हणजे पडण्याची तयारी. या दोन्हींच्या मधली, सुमारे सात किलोची आणि वीस जणांना पुरेल अशी पेटी घरी बांधता येते. मल्टिमीटर धरता येत असेल, सोल्डरिंगचा थोडा हात असेल आणि सुताराकडून प्लाय कापून घेतला, तर दोन शनिवार-रविवार लागतात.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’ची नक्कल करायची नाही. उघड्यावर छातीत धडधडणारा बेस काढायला जेवढं वजन आणि जेवढी बॅटरी लागते, ती चालत्या माणसाच्या पाठीवर मावत नाही. आपल्याला हवा स्पष्ट आवाज आणि तालाचा ठोका.

वॉटला भुलू नका

दुकानात पहिला आकडा सांगतात तो वॉटचा. ‘पीएमपीओ’चे, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेले, हजारो वॉट आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. स्पीकर घेताना विचारायचा आकडा आहे संवेदनशीलतेचा, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात. म्हणून ८४ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला ८० वॉट लागतात, तेच ९३ डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्ये करतो. हा फरक थेट बॅटरीच्या वजनात आणि तिथून तुमच्या खांद्यावर येतो.

कारच्या स्पीकरवर छापलेल्या आकड्यात एक मेख असते. बरेच उत्पादक २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला तो १ वॉट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट होतात. म्हणजे ४ ओहमच्या खोक्यावर ९३ छापलं असेल तर ९० धरून चाला.

आता हिशेब. १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर ४ ओहमच्या स्पीकरला क्लास-डी बोर्ड (वीज फार वाया न घालवणारा अॅम्प्लिफायर) साधारण १८ वॉट देतो. ९० डेसिबलला १८ वॉटचे १२.५ मिळवा, दोन स्पीकरचे आणखी ३, म्हणजे १ मीटरवर ठोक्याचा आवाज १०५ डेसिबलच्या आसपास. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. ८ मीटरवर ८७, १६ मीटरवर ८१. गाण्याची सरासरी ठोक्यापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली असते, म्हणजे १६ मीटरवर ती सत्तरच्या घरात येते आणि रहदारीत विरायला लागते. या पेटीचा पल्ला तेवढाच. पन्नास जणांच्या रांगेसाठी वेगळी व्यवस्था लागते, ती शेवटी दिली आहे.

याच हिशेबातून एक नियम निघतो. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर स्पीकर ४ ओहमचा घ्या. स्टेजचा ८ ओहमचा स्पीकर त्याच व्होल्टेजवर निम्म्या वॉटवर थांबतो. खूप लोक इथेच फसतात आणि बोर्डाला दोष देतात.

सामान

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं.

स्पीकर : कारचे साडेसहा इंची कोअॅक्सिअल (मोठ्या कोनाच्या मध्येच छोटा ट्वीटर असलेले), ४ ओहम, दोन. कोन पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. कागदाचा कोन एका पावसात मऊ पडतो.

अॅम्प्लिफायर : टीपीए ३११६ चिपचा दोन चॅनलचा बोर्ड. तो ४.५ ते २६ व्होल्टपर्यंत चालतो. बोर्डावरच आवाजाची कळ असलेला शक्यतो नको. पहिल्या धक्क्याला कळीची मान मोडते.

बॅटरी : लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० आकाराचे, ३.२ व्होल्ट ६ अँपिअर-अवरचे आठ सेल. चार सिरीजमध्ये आणि दोन पॅरलल, म्हणजे १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर, सुमारे १५४ वॉट-अवर. सोलर पथदिव्यांमुळे हे सेल आता सहज मिळतात. सोबत याच रसायनासाठीचा चार-सिरीजचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट), २० अँपिअरचा, आणि १४.६ व्होल्टचा ३ अँपिअरचा चार्जर.

बाकी : ब्लूटूथ रिसीव्हर मॉड्यूल, बी०५०५एस हा पाच-ते-पाच व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर, १२ ते ५ व्होल्टचा छोटा बक कन्व्हर्टर, ५० किलोओहमचा दुहेरी पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करायची कळ), ६८ नॅनोफॅरॅडचे दोन कपॅसिटर, कारचा ब्लेड फ्यूज होल्डर आणि ७.५ अँपिअरचे चार-पाच फ्यूज, १० अँपिअरचा स्विच, एक्सटी६० कनेक्टरची जोडी, १.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड वायर, आणि गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा एक बल्ब. हा बल्ब सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. त्याला दोन वायरी सोल्डर करून ठेवा.

लॅपटॉपमधले जुने सेल काढून पॅक बांधायचा मोह टाळा. स्केटिंगमध्ये पडणं ठरलेलं असतं आणि पाठीवर दबलेला लिथियम-आयन सेल पेट घेऊ शकतो. आयर्न फॉस्फेट वजनाला जड, पण त्या बाबतीत बराच शांत.

बॅटरी आधी तपासा

पॅक दुकानातूनच स्पॉट-वेल्ड करून घ्या. सेलवर थेट सोल्डर मारलं तर उष्णतेने आतली सीलं जातात. घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करा, तासभर थांबा आणि बीएमएसच्या बारीक वायरींवर प्रत्येक जोडीचं व्होल्टेज मोजा. चारही आकडे एकमेकांपासून ०.०३ व्होल्टच्या आत हवेत.

मग तो बल्ब जोडा आणि घड्याळ लावा. बल्ब साधारण १.८ अँपिअर ओढतो, म्हणजे खरे १२ अँपिअर-अवर असतील तर साडेसहा तासांच्या आसपास जळेल आणि शेवटी बीएमएस तोडेल. चार तासांतच विझला तर सेलवर छापलेला आकडा खोटा आहे. पॅक परत न्या. बल्ब चांगलाच तापतो, तेव्हा तो फरशीवर ठेवा, टेबलाच्या सनमायक्यावर नको.

व्होल्टमीटर पाहून ही बॅटरी किती उरली ते कळत नाही, हेही आत्ताच समजून घ्या. आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज बहुतेक वेळ १३.३ ते १३ च्या मध्ये रेंगाळतं. १२.८ च्या खाली आलं की फार थोडी शिल्लक असते, आणि पुढची घसरण कड्यावरून पडल्यासारखी. त्यापेक्षा तासांचा हिशेब ठेवा. सर्वसाधारण आवाजात ही पेटी सरासरी १५ वॉट घेते, जोरात २५. म्हणजे थोडी बॅटरी हाताशी राखून पाच ते आठ तास.

पेटी

९ मिमीचा मरीन प्लाय. सुताराला हे तुकडे द्या : ४७ × २२ सेंमीचे दोन, ४७ × १४.२ चे दोन, २०.२ × १४.२ चे तीन. पहिले दोन पुढे-मागे, पुढचे दोन बाजूंना त्यांच्या मध्ये, आणि तीन आडवे : वर, खाली, आणि तळाच्या फळीपासून ९.१ सेंमी मोकळी जागा सोडून एक. वरचा कप्पा स्पीकरचा, साधारण १० लिटरचा. खालचा बॅटरी आणि बोर्डाचा. बॅटरी खाली आणि पाठीच्या बाजूला आली की तोल सांभाळायला सोपं जातं. वर ठेवलीत तर प्रत्येक वळणाला पेटी तुम्हाला बाहेर ओढते.

स्पीकरची भोकं खोक्यातल्या कागदी साच्यावरूनच आखा. साडेसहा इंची म्हणून सगळे सारखे नसतात. दोन भोकं एकावर एक, काठापासून पुरेसा प्लाय ठेवून.

तळाची फळी सोडून बाकी सगळं लाकडाच्या गोंदाने आणि स्क्रूने पक्कं करा. तळाच्या फळीसाठी आतून १२ मिमीच्या पट्ट्या लावा आणि ती टी-नट (लाकडात रुतून बसणारा धातूचा नट) व बोल्टने बसवा. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू चार वेळा उघडला की फिरतच राहतो. स्पीकरही टी-नटवरच बसवा, मागून नायलॉनची कडी असलेला लॉक नट आवळून. डांबरी रस्त्यावरची बारीक थरथर कुठलाही साधा नट महिन्याभरात सैल करते.

मधल्या फळीतून वायर जाते ते भोक सिलिकॉनने बुजवा, नाहीतर तिथून हवा फुसफुसते आणि ठोक्याला खरखर ऐकू येते. वरच्या कप्प्यात उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस शंभरेक ग्रॅम सैल पसरा.

सगळ्या बाहेरच्या कडा कानसीने चांगल्या गोल करा. पाठीकडच्या बाजूला आणि वरच्या कडेला २ सेंमी जाड ईव्हीए फोम चिकटवा. ही सजावट नाही. मागे पडताना या कडेवर तुमचा मणका येतो.

वायरिंग

क्रम असा : बॅटरीचा प्लस, मग फ्यूज, स्विच, बोर्ड. फ्यूज बॅटरीपासून १० सेंमीच्या आत. फ्यूज लांब ठेवला तर मधल्या वायरीला वाली कुणी नाही. एक्सटी६० ची मादी बॅटरीकडे ठेवा. नराच्या पिना उघड्या असतात आणि खिशातली किल्ली त्यांना जोडायला एक सेकंद पुरतो.

ज्या वायरी हलणार, त्यांच्या टोकाला लग (धातूचं टोपण) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये शोषलं जातं, ती जागा काडीसारखी ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. बोर्डावरचे मोठे कपॅसिटर सिलिकॉनच्या ठिपक्याने बोर्डाला धरून ठेवा. हॉट ग्लू उन्हात मऊ पडतो.

या बोर्डाची दोन्ही आउटपुट ब्रिज असतात. स्पीकरचा मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. दोन स्पीकरचे मायनस एकत्र केले किंवा एखादा ग्राउंडला टेकवला, की चिप एकतर बंद पडते किंवा जळते. स्पीकरला चार वेगळ्या वायरी न्या.

कुठलं टोक प्लस याची खात्री पेन्सिल सेलने करा. १.५ व्होल्ट क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडाला तर सेलचा प्लस जिथे आहे तो स्पीकरचा प्लस. दोनपैकी एक उलटा लागला तर दोन्ही वाजतात, पण बेस कुठे गेला ते समजत नाही. तासन् तास बोर्ड बदलून पाहण्याआधी हे तपासा.

ब्लूटूथ मॉड्यूलला वीज देताना बक कन्व्हर्टरनंतर बी०५०५एस लावा. बोर्ड आणि मॉड्यूल यांचं ग्राउंड विजेच्या वाटेनेही जोडलेलं आणि ऑडिओच्या वाटेनेही जोडलेलं असलं की गाणं थांबल्यावर किणकिण, टिकटिक आणि बारीक शिट्टी ऐकू येते. आयसोलेटेड कन्व्हर्टर ती विजेची वाट तोडतो. तो १ वॉटचाच आहे, त्यावर फोन चार्जिंग टाकू नका.

मॉड्यूलचं आउटपुट पोटेन्शिओमीटरला, त्याच्या मधल्या पायातून ६८ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि मग बोर्ड. बोर्डाचा गेन (सिग्नल किती वाढवतो ते) २६ डेसिबल असेल तर इनपुट इम्पीडन्स ३० किलोओहम असतो आणि हा कपॅसिटर साधारण ८० हर्ट्झखालचा भाग कापतो. या पेटीतून तो भाग उघड्यावर जवळजवळ ऐकू येतच नाही. फक्त कोन हलवतो, बॅटरी पितो आणि आवाज फाटायला कारण होतो. दोन रुपयांच्या भागाने एवढा फायदा दुसरीकडे कुठे होत नाही.

पहिल्यांदा चालू करताना फ्यूजच्या जागी तो २१ वॉटचा बल्ब लावा. क्षणभर चमकून विझला तर ठीक. भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण काही जळलेलं नाही. सगळं उलगडून पुन्हा पाहा.

पाठीवर

पेटी ट्रेकिंगच्या जाड पट्ट्यांच्या सॅकमध्ये किंवा तिच्या फ्रेमवर बांधा, स्पीकरचं तोंड मागे. सॅकचं कापड स्पीकरसमोर येत असेल तर कापून तिथे जाळी शिवून घ्या. छातीचा आणि कमरेचा पट्टा दोन्ही लागतात, एक पुरत नाही. पेटीचा वरचा काठ मानेच्या हाडाखाली हवा. हेल्मेट घालून मान मागे टाकून पाहा. हेल्मेट टेकत असेल तर पट्टे सैल करून खाली घ्या, किंवा उंच माणसाला द्या.

ग्रुपमधल्या सगळ्यात उत्साही माणसाकडे नव्हे, सगळ्यात स्थिर माणसाकडे पेटी द्या. आधी रिकाम्या मैदानात दहा मिनिटं घेऊन फिरा, थांबण्याचा सराव करा. सात किलोंनी ब्रेकचं अंतर वाढतं आणि टी-स्टॉपला (मागचा पाय आडवा घासून थांबताना) शरीर मागे झुकतं, हे प्रत्येकाला पहिल्यांदा कळतं तेव्हा समोर कुणी नसलेलं बरं. दोरीने ओढायची ट्रॉली तर विसराच. उतारावर ती टाचेवर येऊन आदळते.

फोन पुढच्या खिशात आणि रिसीव्हर पाठीमागे असेल तर मध्ये तुमचं शरीर येतं, आणि ब्लूटूथची लहर पाण्याने भरलेल्या शरीरात अडते. गाणं तुटतं. मॉड्यूल पेटीच्या बाहेर, खांद्याच्या पट्ट्याजवळ छोट्या डबीत ठेवा. त्याहून बरं म्हणजे साधी ३.५ मिमीची वायर. फोन फ्लाइट मोडवर, गाणी आधी उतरवलेली. ऐन ठोक्यात कुणाच्या काकूंचा फोन वीस जणांना ऐकवायची गरज नाही.

पेटीवाला रांगेच्या पुढच्या तिसऱ्या भागात, पण सगळ्यात पुढे नाही. पुढच्याने खड्डे ओरडून सांगायचे असतात. चौकात आवाज खाली, कारण मागून येणारी गाडी कानाने कळते. पेटीवाल्याने कानात फोमचे बोळे घालावेत. त्याचं डोकं स्पीकरपासून हातभरही लांब नसतं.

कायदा

पॅरिस, लंडन, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत स्केटिंगचे मोठे ताफे शुक्रवारी रात्री गाणी वाजवत निघतात. ते व्हिडिओ पाहून तसाच बेत आखलात तर अडचणीत याल. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि एरवीही लेखी परवानगी लागते. इस्पितळ, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा शांतता पट्टा सरकार जाहीर करू शकतं. आपल्याकडचे ग्रुप पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून साडेपाचला जमतात. जमा खुशाल, पण स्विच सहानंतर दाबा. मार्ग नकाशावर आखताना इस्पितळं आधी खूण करून ठेवा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या.

बिघडलं तर

ठोक्याला आवाज क्षणभर बंद पडून परत येतो : बॅटरी संपत आली आहे, नाहीतर वायर बारीक आहे किंवा एक्सटी६० चा डाग कच्चा आहे. चालू असताना बोर्डाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या टोकांपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली दिसलं तर दोष वायरीत.

जोरात लावल्यावर आवाज चिरका : बोर्ड क्लिप होतोय, म्हणजे त्याची मर्यादा संपून आवाजाची शिखरं कापली जातायत. अॅम्पचा आवाज वाढवून उपयोग नाही. आधी फोनमधला बेस बूस्ट बंद करा.

पॅक एकदम मेला, ० व्होल्ट : बहुधा बीएमएसने तोडलं आहे. चार्जर लावला की जागा होतो.

मे महिन्यात पेटी बंद गाडीत ठेवू नका, आणि गरम पॅक लगेच चार्जला लावू नका. हाताला कोमट लागेनासा होईपर्यंत थांबा. ४५ अंशांवर चार्जिंग केलं की सेल लवकर म्हातारे होतात. दुसऱ्या शहरात विमानाने न्यायची असेल तर १०० ते १६० वॉट-अवरच्या बॅटरीला विमान कंपनीची आधी मंजुरी लागते, आणि घरी बांधलेला पॅक पाहून सुरक्षारक्षक मान हलवेल अशी आशा ठेवू नका. पॅक घरी ठेवा, तिथे उसना घ्या.

मोठ्या रांगेसाठी

पाठीवरच्या दोन पेट्या रांगेत लांब-लांब ठेवल्या तर मधल्यांना एकच गाणं दोनदा ऐकू येतं. ३४ मीटरला आवाजाला दहावा भाग सेकंद लागतो, त्यात प्रत्येक ब्लूटूथचा आपापला उशीर. त्यापेक्षा एकच मोठी पेटी मालवाहू सायकलवर चढवा आणि सायकलस्वाराला रांगेच्या पुढच्या भागात ठेवा. त्यासाठी आठ-सिरीजचा २५.६ व्होल्टचा पॅक, ९५ डेसिबलचे ८ इंची ८ ओहमचे दोन स्टेज स्पीकर आणि टीडीए ७४९८ई चा बोर्ड, जो ३६ व्होल्टपर्यंत सोसतो. १ मीटरवर ११३ डेसिबलच्या आसपास जाता. इथे जुना टीपीए ३११६ वापरू नका. पॅकवर २५.६ लिहिलेलं पाहून तो २६ मध्ये बसतो असं वाटतं, पण पूर्ण चार्ज झालेला तोच पॅक २९.२ व्होल्ट देतो आणि चिप बंद पडू शकते, नाहीतर जळू शकते.

पावसाळ्यात तीन महिने पेटी पडून राहणार असेल तर पॅक निम्मा चार्ज करून कनेक्टर काढून ठेवा. गणपतीनंतर बाहेर काढल्यावर सगळे नट पुन्हा आवळा आणि बल्ब लावून तास मोजा.